पोत्यावर ठेवलेला हात

सरपंचीणबाईनं माझ्या कपाळावरचं कुंकू पुसलं ते पोत्यावरच्या फडक्यानं. भर मांडवात, साऱ्या गावासमोर. अन् म्हणाली, "काऊन वो, नवरा केव्हा वापस आला तुया?"

हसल्या बाया. ज्यांच्यासंगं मी रोज गिट्टी फोडे, त्याही हसल्या.

आता मागून सांगते. अल्लीपूरच्या पलीकडं आमचं गाव. दुष्काळाचे दिवस. माझा माणूस हिंगणघाटले एका जिनात हमाली करे. रुईची गाठ अंगावर येऊन गेला, त्याले दोन वर्षं झालती. घरात सासू, मी अन् तीन वर्षांची पोरगी. पोरगी रडत नव्हती, याचंच मले भेव वाटे. रडणारं लेकरू बरं असते हो, त्याच्यात जोर असते.

तेवढ्यात सरकारची लाल मिलो आली, परदेशातून आणलेली जवारी. ज्या घरी कमावणारा नाई त्या घरी आधी द्यायची, अशी दवंडी झालती. पण गाडी उतरली सरपंचाच्या अंगणात. निवडणूक तोंडावर. सरपंचानं मांडव टाकला, पक्षाचे झेंडे लावले अन् बायकोले हळदीकुंकवाचं ताट देऊन बसवलं. मिलो ओटीत भेटन. म्हणजे सवाशिणीलेच. विधवेची ओटी कोण भरते? वरून दर बाईले विचारत, "मत कोणाले?" "तुमालेच बाई," म्हटलं की पदरात पायलीभर पडे.

कुंकवाची डबी सासूनंच काढली. दोन वर्षांमागं माझं कपाळ पुसलं तेही तिनंच. म्हणाली, "लाव वो माय. पोरगी गेली तं कोरं कपाळ घेऊन काय करशीन?"

लावलं. खोटं काऊन बोलू, लावताना मले माणूस आठवला नाई. भाकर आठवली.

पदरात मिलो पडलीही होती. मग एक शेजारीण बाईच्या कानाले लागली. अन् मग ते फडकं.

"ओत वापस."

ओतली. पदर झटकला. चार दाणे खाली पडले, ते संगं आलेल्या पोरीनं वेचून तोंडात टाकले. कच्चेच. तिच्या दातांखाली कडकड वाजलं.

तो आवाज ऐकला अन् माझी लाज सरली.

"बाई, हे जवारी तुमच्या वावरातली हाय का?"

"सरकारची हाय."

"मंग सरकारनं कपाळ पाहून धाडली का?"

"जीभ लई चालून राह्यली तुयी. जा, तिकडं बस!"

तिकडं म्हणजे निंबाखाली. गावातल्या सहा विधवा तिथं बसल्या होत्या, उरलंसुरलं भेटन म्हणून. मी गेली. पण बसली नाई. म्हटलं, "आपल्या हातानं ओटी बाटते न? चला मंग, हात लावू."

यमुनाबुढीले पहिले समजलं. "दात गेले माये, हात हायेत अजून," म्हणत गुडघे धरून उठली. तिच्यामागं बाकीच्या.

सात जणी. पोत्यापोत्यात कोपरापर्यंत हात घातले. मी तं मधल्या पोत्यावर बसलीच.

"नासवलं सारं रांडांनी!" सरपंचीणबाई ओरडली. पण आता ती मिलो कोण्या सवाशिणीच्या ओटीत घालता येत नव्हती. सवाशिणीच मागं सरल्या, पदर आवरून. हळदीकुंकवाचं ताट तसंच राह्यलं.

मी उठली नाई. दुपारून ग्रामसेवक आला, त्यानं पाह्यलं, डोकं खाजवलं. मग कार्ड पाहून मोजून दिली, ज्याच्या त्याच्या थैलीत. आधी आम्हा सात घरांले, मग बाकीच्यांले. मत कोणाले, ते कोणी विचारलं नाई.

दुसऱ्या दिवशी गिट्टीच्या कामावरून मले काढलं. सवाशिणी माझी सावली टाळत. मिलो मात्र साऱ्यांनी खाल्ली, मी बसलेल्या पोत्यातलीच. सासू म्हणे, "पाय धर जाऊन बाईचे." मी नाई धरले. त्या सालची उपाशी रात्र न् रात्र मले आठवते, तरी नाई धरले.

मांडव अजून पडतात गावात. झेंडे तेवढे बदलले. धान्य आलं कळलं की मी जाते, हाती थैली घेऊन. पदर पसरत नाई. पहिले विचारते, हे कोणाचं हाय अन् तुमच्या अंगणात काऊन उतरलं? उत्तर नाई आलं तं पोत्यावर बसते. मले उठवायले माणसं लागतात. आणा म्हणते.