इटलीच्या बचावपटूचा गुडघा

पहाटे दादरला उतरलो. बसच्या पायऱ्या उतरताना सायलीने माझा हात धरला नाही. माझी ही एकोणीस वर्षांची मुलगी कोल्हापुरात मुलींच्या फुटबॉल संघात बचावफळीत खेळते. दोन महिन्यांपूर्वी तिचा गुडघा फिरला. परळला डॉक्टरांना दाखवायचे आणि त्याच दिवशी इटलीचा एक निवृत्त बचावपटू मुंबईत येणार होता, त्यालाही पाहायचे, असे मी योजले होते.

त्या माणसाची कारकीर्द मला आरतीसारखी पाठ आहे. सोळा वर्षे, तीन क्लब. ऐन भरात गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, तरी चार महिन्यांत मैदानावर. सायलीचा गुडघा सुजला तेव्हा हीच गोष्ट सांगून मी हळदीचा लेप लावला, पट्टी आवळली आणि तिला अंतिम सामन्यात उतरवले. तिथे तो पुन्हा फिरला. हाडवैद्यसुद्धा नको म्हणाला होता. पण मी कुणाचे ऐकतो कशाला!

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. पहिल्या दुखापतीनंतर विश्रांती मिळाली असती तर निभावले असते, म्हणाले. मग कोणी खेळवले, असे त्यांनी विचारले. मी जमिनीकडे पाहिले.

“मीच हट्ट केला,” सायली म्हणाली.

ती चालेल, जिनेही चढेल, पण फुटबॉल संपला.

लालबागच्या मालवणी खानावळीत तिसऱ्या (शिंपल्या) मागवल्या. तिने ताट सरकवले. मालकीणबाई जवळ येऊन म्हणाल्या, “चेडवा (पोरी), सोलकढी तरी पी गो.” ती प्यायली.

मी परत फिरू म्हणालो, तिनेच त्या बचावपटूला पाहायला नेले. जुन्या गिरणीच्या जागी झालेल्या मॉलमध्ये तो आला. मंचाच्या तीन पायऱ्या तो कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत चढला. आमची पाळी आल्यावर मी विचारले, चार महिन्यांत कसे परतलात? त्याने सायलीच्या पट्टीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“सर म्हणतायत, ते परत आलेच नाहीत,” दुभाषी मुलगी म्हणाली. “इंजेक्शन घेऊन नुसते उभे राहायचे. आता नातीला उचलतापण येत नाही. हिला घाईने खेळवू नका.”

सायलीने त्याची सही घेतली, माझ्या नावाने.

परतीच्या बसमध्ये तिने दुखरा पाय माझ्या मांडीवर ठेवला. “पप्पा, आईला मी सांगते, हट्ट माझाच होता,” म्हणाली आणि झोपली. कराड मागे पडले तरी माझ्या तोंडून ‘नको’ निघाले नाही. घरी तिने तसेच सांगितले, आणि मी शेजारी उभा होतो.

बायको माझे प्रवासातले लिखाण नेहमी आधी वाचते. हेही वाचेल. हट्ट माझा होता.