चौकीचं मागीलदार

ये गो, अशी जवळ ये. चष्मा कपाळावर चढवून वाचू नकोस, नाकावर घे तो. परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, पोलिसांना विचारणार कोण?" आणि वर हसलीस. मला राग आला हो तुझा. एवढी शिकलीस, मोठ्या शहरात राहतेस, आणि बोलणं हे असं हात झटकून टाकल्यासारखं. तुझ्या मावशीने विचारलंय पोलिसांना. तुला कधी सांगितलं नाही, कारण इथे आलीस की बूड कुठे टेकतेस तू? आता कागदावर सापडली आहेस. आता ऐक.

नवं शतक लागून थोडे पावसाळे झाले होते. वरून हुकूम आला की प्रत्येक पोलीस ठाण्याला गावातल्या बायकांची दक्षता समिती हवी. ठाण्यात येणाऱ्या बायकांशी पोलीस नीट वागतात का, कुणाला उगाच बसवून ठेवलंय का, हे आम्ही बघायचं. आम्ही म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळं गाव बाई म्हणायचं, त्या अध्यक्ष. दुसरी शिवणकाम करणारी भाभी, तिचा नवरा बोटीवर असायचा. आणि तिसरी मी. आणखी बायका होत्या, पण नावापुरत्या. माझं नाव कुणी घातलं देव जाणे. बचत गटात मी फार बोलायची, म्हणून असेल. चौकी कुठली ते मात्र सांगत नाही. आत बसलं की समुद्राची गाज ऐकू यायची, एवढं पुरे.

महिन्यातून एकदा आम्ही ठेवणीतली लुगडी नेसून जायचो. पुढच्या पायऱ्यांवर पाणी शिंपडलेलं असायचं. साहेबांच्या खोलीत पंखा, कपबशीतला चहा, बिस्किटं. साहेब घाटावरचे, बोलायला गोड. "काय तक्रार हाय का ताई?" असं विचारायचे. तक्रार कसली असणार? फुलदाणीसुद्धा पुसलेली असायची. बाई सही करायच्या आणि आम्ही परत.

यात आमचीही एक खोड होती. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे पाहुणा आला की ओटीवर बसतो. बोलवल्याशिवाय माजघराचा उंबरा ओलांडत नाही. ओलांडला तर त्याच्या आईवडिलांचं वळण निघतं. आम्ही बायका चौकीतही तशाच वागलो. ओटीवर बसवलं, ओटीवर बसलो. आतल्या बाजूला काय आहे हे विचारणं आम्हाला कसंसंच वाटायचं. मुख्याध्यापिका बाईंनासुद्धा, बघ.

एकदा परत येताना भाभी म्हणाली, "वहिनी, हे कसलं बघणं? लग्नाची मुलगी दाखवतात तशी चौकी दाखवतात आपल्याला. पदर नीट, मान खाली."

"मग काय तिला चालून दाखव म्हणायचं?" मी म्हटलं.

"गाणं तरी म्हणायला सांगू पुढच्या वेळी," ती म्हणाली, आणि दोघी पाखाडीच्या पायऱ्या उतरताना हसत सुटलो.

आता तो दिवस. आंब्याचा हंगाम अगदी भरात होता. दुपारचं ऊन असं की घर, झाडं, विहिरीचा रहाट, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलताना दिसायचं. अंगणात ताटांतून आंब्याचं साठ वाळत घातलं होतं आणि त्या गोड आंबट वासाने माझेच डोळे मिटत होते. झोप आणि जाग यांच्या मध्ये एक जागा असते बघ, तिथे मी होते. त्या जागेत मला कुणाचं तरी रडणं ऐकू येत होतं. वाटलं, कावळा असेल. मग वाटलं, स्वप्न असेल. डोळे उघडले तर मागच्या पडवीत मिरजोळे गावची एक बाई उभी होती. पावसाळ्याआधी लाकडं फोडून द्यायला यायची ती. पायात चप्पल नाही, तशीच तापल्या रस्त्याने आली होती.

"बाय माजी नेली वो," ती म्हणाली.

तिची मुलगी एका बागायतदाराकडे आंब्याच्या पेट्या भरायला जायची. त्यांच्या सुनेची सोन्याची साखळी सापडेना, तर सकाळी पोलीस आले आणि या पोरीला घेऊन गेले. नुसतं विचारायला नेतो म्हणाले. आई चौकीवर गेली तर पुढच्या टेबलावरच्या हवालदाराने सांगितलं, इथे कुणी बाईमाणूस नाही, घरी जा. पुन्हा गेली, पुन्हा तेच. पोरीचं लग्न ठरलेलं. मुलगा राजापूरकडच्या नाटे गावचा, मच्छीमार घरातला.

"चोरीचं काय ते मागनं बगू," ती म्हणाली. "पन दिवेलागणीच्या आत घरात आली नाय, तर रात भायेर काडली म्हंतील. मग कोन न्हेल तिला? तुमी त्या कमिटीत हात ना?"

त्या कमिटीत होते खरी. आजवर चहा प्यायले होते तिथला.

बाईंकडे गेले तर कुलूप. त्या दापोलीजवळ मुरुडला माहेरी गेलेल्या. मग भाभीकडे. ती मशीनवर होती, तोंडात टाचण्या. मी सगळं सांगितलं तशी तिने एकेक टाचणी काढून उशीत खोचली आणि म्हणाली, "पुढून गेलो तर साहेब चहा मागवणार. अध्यक्ष कुठे विचारणार. आपण आदबीने बशी संपवेपर्यंत सूर्य बुडेल, वहिनी."

आणि तेव्हा ते मला सुचलं. सुचलं कसलं, आयुष्यभर तेच तर करत आलेले. "मागीलदाराने जाऊ," मी म्हटलं.

आपल्याकडे बाई शेजारी जाते ती कधी पुढच्या दाराने जाते का? विरजण मागायला, ओल्या बाळंतिणीला बघायला, भांडण मिटवायला, सगळं मागीलदाराने. तिथे कुणी विचारत नाही, का आलात. फक्त रिकाम्या हाताने जायचं नाही. मी घरी येऊन साठाची एक वळकटी फडक्यात बांधली. मुलीच्या आईला भाभीच्या घरी पाणी पाजून बसवलं, आणि आम्ही दोघी निघालो.

चौकीच्या मागे कुंपणाला चिऱ्यांचा गडगा होता, एका जागी ढासळलेला. त्यातून आत गेलो आणि अगो, मी थबकलेच. इतके महिने येत होतो, पण हे गाव आम्ही पाहिलंच नव्हतं. पकडून आणलेल्या गाड्या फणसाखाली रांगेने झोपल्या होत्या. स्कूटरवर वेल चढलेला, त्याला निळी फुलं. एका रिक्षाच्या मागच्या गादीवर कोंबडी अंड्यांवर बसलेली, तिने आमच्याकडे असं पाहिलं की जणू तिलाच परवानगी विचारायची होती. मोडक्या ट्रकच्या काचेत आकाश दिसत होतं आणि त्यात एक घार. कसलाच आवाज नाही, लांबून फक्त गाज. मला अजूनही कधी कधी ते स्वप्नात दिसतं, आणि स्वप्नात ती कोंबडी मला "बसा" म्हणते.

मागच्या पायरीवर एक महिला पोलीस तांदूळ धूत होती. टोपी बाजूला, केस मोकळे. आम्हाला बघून गडबडली.

"मावशी? इकडून कुठे?"

"आलो सहज. साठ आणलंय, घे."

"अहो, पण साहेबांना विचारलंत का?"

"तुमच्या घरी मागीलदाराला विचारून येतात होय गो?" भाभी म्हणाली.

तिला हसू आलं. मग हसू गेलं. तिने फडकं घेतलं, आणि नुसतं मानेने दाखवलं. डावीकडे एक खोली होती, पोत्यांची.

पोरगी तिथे होती. जप्त केलेल्या नारळांच्या पोत्यांवर बसलेली, केसांत अजून पेटीतला पेंढा. कुणी हात लावला नव्हता, पण सकाळपासून पाणीही दिलं नव्हतं कुणी. आम्हाला बघून ती उठलीसुद्धा नाही. आम्ही तिला खऱ्या वाटतोय की नाही, असं मला झालं. भाभीने आतून तांब्या आणला. पोरगी तो घटाघटा प्यायली आणि मग म्हणाली, "मी नाय घेतली, मावशे."

मी तिच्या शेजारी पोत्यावर टेकले. "ते मला ठाऊक नाही, बाय. ते ठरवायला मी आलेच नाही. मी सोबतीला आल्ये."

एवढंच केलं आम्ही. बसलो. ती मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. कौलाच्या फटीतून उन्हाचा कवडसा यायचा, तो हळूहळू पोत्यांवरून सरकत आमच्या पायांवर आला, मग भिंतीवर चढायला लागला. मी त्याच्यावरून वेळ मोजत होते. तो भिंतीच्या वर पोचला की दिवेलागण.

मग साहेब आले. तोंड धुवायला मागे आले होते बिचारे, गंजीफ्रॉकवर, खांद्यावर पंचा. आम्हाला पाहून त्यांनी आधी पंचा छातीवर ओढून घेतला.

"ताई? आज मीटिंग न्हाई."

"मीटिंग नाही हो. अशाच आलो."

"अध्यक्ष बाई?"

"मुरुडला."

"मग तुमाला असं बसता येत न्हाई."

"बसलोच आहोत," भाभी म्हणाली.

साहेब तांबडे झाले. "आमच्या घाटावर मागच्या दारानं चोर येत्यात, ताई."

"आमच्याकडे बायका येतात," मी म्हटलं. "पुढच्या दाराने लग्नाची पत्रिका येते, नाहीतर सरकारी माणूस."

महिला पोलिसाने तांदळाच्या पातेल्यात मान घातली. साहेबांना हसावं की ओरडावं कळेना. ओरडले. चौकशी चालू आहे, तुम्हाला कायदा कळत नाही, वगैरे. पण मला त्यांचंच बोलणं आठवलं. म्हटलं, "साहेब, पहिल्या मीटिंगला तुम्हीच आम्हाला वाचून दाखवलंत की दिवे लागल्यावर बाईमाणसाला इथे ठेवायचं नाही. आम्हाला आवडलं होतं ते. चौकशी करा ना. आमच्यासमोर करा. आम्ही मध्ये बोलणार नाही. आणि हिच्या आईला इथे कुणी बाईमाणूस नाही असं का सांगितलं, ते तेवढं आम्हाला सांगा."

साहेब आत गेले. शर्ट घालून, पट्टा आवळून परत आले, खुर्ची मागवली. आणि विचारलं पोरीला, आमच्या समोर. कुठे बसली होतीस, कुणाबरोबर होतीस, घरात गेली होतीस का. आवाज साधा होता. ती सांगत गेली. पेट्या भरणाऱ्या बायकांच्या घोळक्यातून ती हललीच नव्हती, घरात पाऊल नव्हतं, विचारा त्यांना. साहेबांनी त्या बायकांना विचारलंच नव्हतं. सोपं काय, पोर उचलून आणणं. हळूहळू त्यांचे प्रश्न संपले. कवडसा कौलाला टेकला होता.

"उद्या सकाळी हजर करायची," ते म्हणाले.

"मी घेऊन येते."

"आता न्या. मागून न्या, पुढं लोक हायेत."

"नाही हो," भाभी म्हणाली. "लोक आहेत म्हणूनच पुढून."

मी पोरीच्या केसांतला पेंढा काढला, भाभीने तिचा पदर नीट केला, आणि उजेड असताना आम्ही तिघी पुढच्या पायऱ्या उतरलो. समोर चहाच्या टपरीवर माणसं होती. सगळ्यांनी पाहिलं. बघू दे.

आईला घेऊन मिरजोळ्याच्या एसटीत बसलो. खिडकीतून कलमांच्या बागा मागे जात होत्या, आकाश पिकल्या आंब्यासारखं. घरी पोचलो तेव्हा शेजारणी अंगणात आलेल्याच होत्या. आईने त्यांच्यादेखत तुळशीपुढे पणती लावली. पोरगी पाय धुऊन आत गेली आणि जेवायचं भान न राहता सारवलेल्या जमिनीवर तशीच झोपली. आई दारात बसून तिच्याकडे बघत राहिली. मी आणि भाभी परत निघालो तरी तिने वर पाहिलं नाही.

सकाळी मी तिला घेऊन गेले. नंतरही एकदोनदा जावं लागलं, मग बोलावणं थांबलं. साखळीचं काय झालं, विचारशील. मला कळलं नाही. बाई मुरुडहून आल्यावर आमच्यावर चिडल्या, ठरावाशिवाय कशा गेलात म्हणून. पुरतं चिडून झाल्यावर म्हणाल्या, "तो गडगा नक्की कुठे ढासळलाय?" मग पाळीपाळीने आम्ही न सांगता जायला लागलो. साहेबांना आवडायचं नाही. पण पोत्यांच्या खोलीत पुन्हा कुणी बसलेलं आम्हाला दिसलं नाही, निदान आम्ही होतो तोवर. साऱ्या जगाचं मी सांगत नाही.

आणि लग्न? नाट्याहून मुलाची आई आली होती हो, सगळं ऐकून. तिने साखळीचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "रात्री पोर कुठे होती?" शेजारणींनीच सांगितलं, घरात. निजली होती, आम्ही पाहिलं. पावसाच्या आधी लग्न झालं.

आता तिची मुलं मोठी झाली. दर खेपेला भेटली की म्हणते, मावशी, एकदा माझ्याकडे वस्तीला या, दिवसाउजेडी परत जायचं नाही. मला एकटीने एवढा प्रवास झेपत नाही, आणि भाभी आता मुलाकडे आखातात असते. तर तू ये. दोन दिवसांची नको, चांगली सुट्टी काढून ये. आपण दोघी नाट्याला जाऊ, तिच्या घरी रात्र काढू. लवकर ये हो.