पाटीवरची हाक

सातपुड्याच्या कड्यावरचा तो सुलतानी अमलातला किल्ला. आतल्या महालाचं हॉटेल झालं, तेव्हा तिथे लावलेली इतिहासाची पाटी तपासून द्यायचं काम माझ्याकडे आलं. आकड्यांत मी चोख, अशी दर्यापुरात माझी ख्याती. घरचे त्याला कटकट म्हणत. पाटीवर भिंत बारा फूट जाड होती. टेप लावला, नऊच भरली. ते दुरुस्त केलं आणि शेवटच्या ओळीशी अडलो: 'संध्याकाळी महादरवाज्याशी एक मेलेला शिपाई आईला हाक मारतो.'

"याला पुरावा काय?" मी मालकांना विचारलं.

"पुरावा कशाचा? पाहुण्यांना भूत लागतं."

"लागलं तर परत येतील का?"

ते हसले. मी ओळ खोडली.

दिवस कलताना हॉटेलात पोळ्या लाटणारी खाला पिठाच्या हातांनीच माझ्याकडे आली. ती पायथ्याच्या गावातली. कापूस पिकेना, पिकला तर भाव मिळेना, अशा त्या वर्षांत गावातली पोरं कामासाठी सुरतेला गेली. बाकीची ईदेला घरी आली. खालाचा मुलगा सुरतेला पोचलाच नव्हता.

"भाऊ, थे ओळ कावून खोडली?"

"खोटी आहे, खाला. मालकांनी मनानं लिहिली."

"शिपाई खोटा हाय. हाक खोटी नाई. पाटी लागाच्या आंदीपासून मी आयकून राहिली. गावानं मले पागल ठरवलं. आता पाटी वाचून चूप बसतात. तुमी खोडली, त मी पुन्हा पागल."

मी तिच्यासोबत दरवाज्यापर्यंत गेलो. उजेड उतरत होता. मला वारासुद्धा ऐकू आला नाही. खाला एकदम "आली रे, बेटा" म्हणाली. स्वयंपाकघरातून ओ द्यावी तसं. मग तशीच ऐकत उभी राहिली.

ओळ मी नव्यानं लिहिली: 'संध्याकाळी येथे हाक ऐकू येते, असे येथे काम करणाऱ्या एका आईचे सांगणे आहे.' यातला शब्दन् शब्द खरा होता.

"मग हाक मारतो कोण?" मालकांनी विचारलं.

"ते मी तपासलेलं नाही."

परतताना जीप त्या दरवाज्यातून निघाली. मे महिना होता, तरी मी काच वर करून घेतली.