दिवाळसणाचा टीव्ही गेम

नागभीडच्या बाजारात सोमाजीला मासोळी विकताना रोजच सगळे पाहायचे. खरी गंमत होती ती सोमाजी काही विकत घ्यायला निघाला की. छत्री घ्यायची तर ती उघडायची, मिटायची, पुन्हा उघडून उन्हाकडे धरायची आणि भोकं शोधायची. भोक सापडलं नाही की संशय आणखी वाढायचा. सापडत नाही म्हणजे कुठंतरी लपवलेलं असणार! बायको प्रेमिला तर म्हणायची, "तुमच्यासंगं बाजारात याची मले लाज वाटते." सोमाजीला त्याचं काही नव्हतं. माणसाचा जन्म तलावावर गेलेला. मासोळीचा कल्ला उचलून ताजी की शिळी ते सांगायचा, तसं दुकानदाराचं तोंड बघून तो काय लपवतोय तेही आपल्याला कळतं, असा त्याचा ठाम समज होता. समजच तो.

एकुलती एक साधना गडचांदूरला दिली होती. जावई अजय सिमेंट कारखान्यात पोती भरायच्या कामावर. स्वभावानं गरीब. पहिल्या दिवाळसणाला काय पाहिजे म्हणून सासऱ्यानं विचारलं, तर लाजतलाजत म्हणाला, "मामाजी, टीव्हीले लावाचा गेम." सन दोन हजारचा सुमार. कारखान्याच्या वस्तीत नुकतीच ती पेटी आली होती आणि मोठाले बाप्ये कामावरून आल्यावर पाळी लावून खेळत बसायचे. सोमाजीनं विहीणबाई आशाबाईंच्या देखत शब्द दिला. आता त्या पेटीवर साधनाचा सासरचा मान अडकला होता.

दिवाळी तोंडावर आली तसा तो गुणवंतरावांच्या टीव्ही-रेडिओच्या दुकानात गेला. गुणवंतरावांनी गेम काढून दाखवला, आणि भाव आपणहूनच उतरवला. तिथंच माशी शिंकली.

"काऊन भाऊ, एवढी घाई?"

"घाई कायची? दिवाळी आहे ना!"

पण दुकानात नागपूरहून माल पुरवणारा एकजण बसला होता. तो चहा पितापिता बोलून गेला, की संक्रांतीला याहून भारी गेम येतो आहे, जास्त खेळांचा. झालं! सोमाजीच्या डोक्यात उजेड पडला. उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून गावचा तलाव काढायचा, म्हणजे त्यातली सारी मासोळी एकदम धरायची असं ठरलं, की आदल्या दिवशी शहाणा माणूस मासोळी घेत नाही; उद्या मोप येणार आणि स्वस्त येणार. त्या दिवशी जो ओरडून विकतो, त्याच्या टोपलीत शिळा माल असतो. म्हणजे गुणवंतराव शिळं खपवत होते, आणखी काय!

हे ज्ञान स्वतःपाशी ठेवेल तो सोमाजी कसला? पानठेल्यावर, हॉटेलात, मासोळीच्या ओट्यावर त्यानं सांगत सुटावं, "दिवाळीले गेम नोका घेऊ. फससान." लोकांनी गेम घेतला नाही. मग गेम जुना तर टीव्हीही जुनाच असेल, मिक्सरही असेल, असं सुरू झालं. ऐन दिवाळीत दुकान ओस पडलं. टॉर्चसाठी सेल घ्यायला आलेला माणूससुद्धा नवे कधी येणार म्हणून विचारून, हात हलवत परत गेला.

गुणवंतरावांनी अखेर सोमाजीला गाठलं. "भाऊ, नवा माल त नेहमीच येत राहीन. म्हणून आज कोणी काई घ्याचंच नाई काय?"

पाहा कसा कळवळतो, असं सोमाजी मनात म्हणाला. बिचाऱ्या गुणवंतरावांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते काही त्या पारख्याला दिसलं नाही.

दिवाळसणाला जावयाला कापड आणि नारळ मिळाला. "संक्रांतीले नवा घेतो, एकदम ताजा," सोमाजीनं सांगितलं. साधनाचा चेहरा पडला.

संक्रांत आली, गेम आला नाही. महाशिवरात्रीला गुणवंतराव म्हणाले होळीला येईल. होळीला खरंच आला. सोमाजीनं खोका हातात घेऊन विचारलं, "याच्यानंतरचा कधी?"

"दिवाळीले म्हणतात," गुणवंतराव कंटाळून खरं तेच बोलले. सोमाजी खोका ठेवून घरी आला.

त्या दिवशी प्रेमिलाचा तोल सुटला. "साधनाचे बाबा, तलाव दरसाल निघते! म्हणून आपण मासोळी खानं सोडलं काय? पोरगी सासरी कोन्तं तोंड दाखवत असन?"

दुसऱ्या दिवशी त्यानं गेम घेतला, खोका दुपट्ट्यात बांधला आणि गडचांदूर गाठलं. साधना दारातल्या नळावर पाणी भरत होती. बाप दिसताच हसली आणि गाठोडं दिसताच हसू मावळलं. त्याला हाताला धरून तिनं घराच्या मागं नेलं.

"काय आणलं, बाबा?"

"गेम. नवा आला तो."

"हळू बोला. गेम मी दिवाळीलेच घेतला, आहेराच्या पैशातून. घरी सांगतलं का बाबानं मागून पाठवला."

सोमाजी म्हणाला, "मी तुले शब्द देला होता ना?"

साधना जमिनीकडे बघत म्हणाली, "तुमी घेसान असं मले वाटलंच नाई."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं ते साधं सांगितलं, आज भाजी नाही म्हणून सांगावं तसं. साऱ्या जगावर संशय घेताना आपल्या शब्दावरही कोणी घेईल, तेही पोटची पोर, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यानं गाठोडं मुकाट्यानं सरपणामागं सरकवलं.

आत आशाबाईंनी पाण्याचा गडवा पुढं केला. "दिवाळीचा गेम लय चांगला निघाला, भाऊ. एकदाबी बिघडला नाई."

अजय पाया पडला. "मामाजी, तुमी एवढं पारखून घेता, मले वाटलं आपलं गेमचं राहूनच जाते."

साधना चुलीपाशी चहा गाळत होती. तिचा हात थांबला.

"हो," सोमाजी म्हणाला, "चांगला पाहूनच घेतला होता."

साधनानं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला आणि त्याच्याकडे न बघताच ती पुन्हा नळावर गेली.