रेषेपलीकडे टेकवायचं असतं

आमच्या नाशकात रग्बीची पगारी टीम होती असं सांगितलं, की लोक माझ्याकडे अशा नजरेने बघतात, जणू गोदावरीत जहाजं चालायची असं मी म्हणतोय. होती बाबा. मी स्वतः खेळलोय तिच्यात. आज मी निफाडकडे द्राक्षबाग बघतो, पण एके काळी माणसं आडवी करायचा मला पगार मिळायचा.

नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ ट्रान्सपोर्टचा धंदा असलेल्या एका शेठला ती हौस आली होती. त्याने जिल्ह्यातले कबड्डीवाले गोळा केले. मी अंगाने दांडगा, म्हणून पुढे. सुरगाण्याच्या डोंगरातला एक काटक गडी होता, पळायला नुसता वारा, म्हणून तो कडेला. शेठ म्हणाला, पकड तीच, पळणं तेच, फक्त हातात चेंडू. तोही अंड्यासारखा. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं!

कबड्डीत रेष गाठली की काम झालं. रग्बीत रेष ओलांडून चेंडू जमिनीला टेकवावा लागतो, नाहीतर सगळं पळणं फुकट. हे आमच्या अंगात शिरता शिरेना. त्यात हा सुरगाण्याचा गडी दम धरून पळायचा, तोंडातल्या तोंडात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत. रेषेपार गेला की दम सोडायचा, एक हात वर करायचा आणि चेंडू काखेत धरून उभा. कोच कपाळाला हात लावायचे. मग मी मागून ओरडायचो, “टेकव रे, टेकव!” पुढे पुढे ते आमचं रोजचंच झालं. जेवताना कुणी ताट घेऊन उभा दिसला तरी चार जण ओरडायचे, टेकव.

दुसऱ्या वर्षी आम्ही जिंकायला लागलो. गावाकडून पोरं पिकअप भरून सामने बघायला यायची. “बैलांसारखं काय अंगावर जाता रे एकमेकांच्या,” म्हणणारी माझी आई शेजारणीला रग्बीचे नियम समजावून सांगायला लागली. तेही सगळे चुकीचे.

तो गडी आणि मी एकाच खोलीत राहायचो. त्याच्या घरचे दरवर्षी भात निघाला की मजुरांच्या टोळीबरोबर डोंगर उतरून द्राक्षाच्या कामाला यायचे. शाळेच्या वयापासून तोही यायचा, बागेतच झोपायचा. एकदा बूट पुसता पुसता तो म्हणाला, “दादा, टीम हाय तोवर मी टोळीत नाय जायचा. आई-बालाही नाय जाऊ देणार.” मी म्हटलं, “मग म्हातारा होईस्तोवर पळ.” तो हसला, पण मला माहीत होतं, तो थट्टा करत नव्हता.

पुढच्या वर्षी शेठचा धंदा बसला आणि त्याची हौस ओसरली. त्याने आम्हाला तोंडावर सांगितलं, वरच्या गटात टिकलात तर आणखी एक वर्ष चालवतो, नाहीतर सगळ्यांना नारळ. सगळं शेवटच्या सामन्यावर आलं. अगदी शेवटी चेंडू त्याच्या हातात गेला आणि तो कडेने सुटला. माझ्या अंगावर तिघं पडलेले, मी खालून मान वर करून बघत होतो. त्याचे ओठ हलत होते. त्याने रेष ओलांडली आणि हात वर केला. मी जीव तोडून ओरडलो, “टेकव!” पण आपलीच माणसं इतकी नाचत होती, की त्याला ऐकू गेलं नाही. मागून आलेल्याने चेंडू त्याच्या काखेतून उडवला आणि सामना संपल्याची शिट्टी वाजली. तो माझ्याकडे बघत राहिला. “दादा, टेकवलं ना मी?”

बसमध्ये जो तो त्याच्यापुढे पाण्याची बाटली धरत होता. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बसने आम्हाला द्वारकेला उतरवलं आणि जो तो आपापल्या वाटेने गेला.

मला अजून ती टीम हवी आहे, सरळ सांगतो. तो घामट जर्शांचा वास हवा आहे. गुडघा दुखला की बायको म्हणते, झालं, आली तुमची रग्बी. येऊ दे, म्हणतो मी.

यंदा खुड्याला, म्हणजे द्राक्षतोडणीला, आलेली टोळी बागेत उतरली, तर त्यात तो. बायको बरोबर, म्हातारे आई-बा मागे. आधी मला रागच आला. मेल्या, एक फोन करायला काय झालं होतं? पण रागावणार कुणावर? मी चहा सांगितला. त्याने डोक्याला फडकं बांधलं आणि कात्री घेऊन तो ओळीत शिरला.

दुपारी पहिला भरलेला क्रेट उचलून तो ओळीतून बाहेर निघाला. मला त्याचे ओठ दिसले. हलत होते. बांध ओलांडून तो थांबला, वाकला आणि क्रेट जमिनीवर ठेवला. दोन्ही तळवे कडांवर दाबून तो तसाच वाकून राहिला, माझ्या लक्षात येईपर्यंत.

“टेकवलं, दादा.”

चेंडू टेकवला की गुण देताना पंच करायचे, तसा माझा हात वर गेला. टोळीतली माणसं बघायला लागली, मालकाला झालं काय म्हणून. तो हात मला लवकर खाली घेता येईना.