बिनखोगिराची स्वारी

आमच्या पागेत एक नियम होता. मोतद्दाराने खोगिरावर बसायचं नाही. घोडा फेरायचा, पाण्यावर न्यायचा, तो उघड्या पाठीवर, फार तर बारदान टाकून. खोगीर शिकणाऱ्यांचं आणि शिकवणाऱ्याचं. नाशकात गंगापूर रोडला तेव्हा मोकळी रानं पुष्कळ होती. त्यातल्याच एका रानात शेठनी घोडेस्वारीचा क्लास काढला होता.

मी परभणीकडचा. वडलांचा टांगा होता. रिक्षा आल्या, टांगा बसला, घोडी विकली आणि माझी शाळा आठवीत सुटली. नाशकात ओळखीचं कुणी नव्हतं. "लीद काढता येते का?" एवढंच शेठनी विचारलं. येत होती.

शिकवायला एक निवृत्त रिसालदार होते, साताऱ्याकडचे, शिपाई म्हणून भरती होऊन वर चढलेले. संध्याकाळी सगळे गेले की ते मला खोगीर घालायला लावत. "बस. शेठ घरी गेला." माझे डोळे फाटकाकडे. "लेका, तू घाबरलास हे शेठच्या आधी घोड्याला कळतं." त्या माणसाचे उपकार फिटले असं मी आजही म्हणणार नाही.

त्यांची एक आवडती गोष्ट होती, फौजेतल्या कुठल्याशा कोर्सात ऐकलेली. अठराव्या शतकात जर्मनीकडे प्रशिया नावाचं राज्य होतं. तिथे घोडदळात अधिकारी व्हायचं तर बहुतेक सरदाराच्याच पोटी जन्मावं लागे. तरी एक शिपाई, शेतकऱ्याचा पोर, जखमा खात खात अधिकारी झाला. कारण वरचे मरत होते आणि राजाला माणसं हवी होती. मग तह झाला, आणि राजा असल्या अधिकाऱ्यांना घरी पाठवू लागला.

"मग त्याचं काय झालं?" मी दर वेळी विचारायचो.

"हलक्या घोडदळातला होता, तिथे असले चालत, म्हणून टिकला," असं ते कधी म्हणत. कधी म्हणत, "गेला असेल. पण गड्या, चढला होता तो. ते कसं पुसणार?"

पुढे रिसालदारांचं खुब्याचं हाड मोडलं, तेही इंदिरानगरच्या घरी, न्हाणीघरात. "घोड्यावरून पडलो असतो तर सांगायला तोंड तरी राहिलं असतं," म्हणाले. दिवाळी तोंडावर आलेली, दुसरं कुणी मिळेना, म्हणून शेठनी वर्ग माझ्याकडे दिला. उन्हाळ्यापर्यंत मी खोगिरावर बसून शिकवलं. एका पोराची आई पहिल्यांदा "सर" म्हणाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

मग शेठनी पुण्याहून एक शिकलेला प्रशिक्षक आणला. रविवारची सकाळ, पोरं रिंगणात, आईबाप खुर्च्यांवर.

"उतर आता," शेठ म्हणाले. "पोरांचे लगाम धर."

"शेठ, मी शिकवतो की."

"शिकवलंस, चांगलं केलंस. पण तू मोतद्दार आहेस. नियम तुला माहीत आहे."

चाऱ्याच्या गोदामावरची माझी खोली संध्याकाळपर्यंत जाईल, बाहेर या गावात मला कोण विचारणार, सगळं दिसलं. उतरलो. शेठनी मान हलवली. मी पट्टा सोडला, खोगीर काढून कुंपणाच्या बांबूवर ठेवलं आणि उडी मारून उघड्या पाठीवर बसलो.

"हे काय चाललंय?"

"नियमात बसतंय, शेठ. शिकवायचं नाही असा नियम कुठे आहे?"

मग पोरांकडे वळून म्हणालो, "टाचा खाली." आवाज फाटला. पुन्हा म्हणालो. टाचा खाली गेल्या.

पुण्याचा माणूस कान खाजवत म्हणाला, "बसू द्या त्यांना. मी मोठ्यांचा वर्ग घेतो."

शेठनी खुर्च्यांकडे पाहिलं. "आजच्या दिवस," म्हणाले.

तो आजचा दिवस रानात इमारती उठेपर्यंत चालला. खोगीर त्यांनी दिलं नाही, मी मागितलं नाही.

त्या रविवारी दुपारीच रिसालदारांकडे गेलो. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"उतरलास म्हणे."

"उतरलो. परत चढलो."

"रिकिबीशिवाय?"

"रिकिबीशिवाय."

"पाठ सरळ होती का?"

"थोडी वाकली होती."

"उद्या सरळ ठेव," म्हणाले आणि मला चहा टाकायला सांगितला.