संत्र्याच्या पानावरचा काळा कागद

नातवाच्या गुडघ्याला आयोडीन लावलं आणि त्या वासानं मी मामाच्या संत्र्याच्या बागेत जाऊन पोचले. तेव्हा मी नववीत होते. उन्हाशिवाय पान अन्न बनवत नाही, हे शाळेत आयोडीन टाकून दाखवायला मी एका पानाला काळा कागद दोऱ्यानं बांधून ठेवला होता.

सकाळी झाडाभोवती माणसं जमलेली. "करणी केली कोणीतरी!" मामा ओरडला. सगळे बागेत कामाला येणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या गिरजाबाईकडे पाहू लागले.

"म्या काऊन करीन जी?" ती म्हणाली.

भीतीनं मी उरलेला दोरा मुठीत लपवला. त्यांनी पान कागदासकट जाळलं. गिरजाबाईला पुन्हा कोणी कामाला बोलावलं नाही.

शाळेत मी दुसऱ्या पानावर प्रयोग केला. मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.